वरती काय आहे?

टेक्सासमधल्या आमच्या सॅन अँटोनियोत रात्रीच्या बातम्यांमध्ये उद्याचं ऊन-पाऊस सांगून झालं की हवामानवाला आणखी एक आकडा सांगतो. जे-१७. हे एका विहिरीचं नाव. फोर्ट सॅम ह्यूस्टन या लष्करी तळावर ती आहे, आणि ती पाणी उपसायला नाही, मोजायला ठेवलेली आहे. तिच्यातल्या पाण्याची उंची समुद्रसपाटीपासून किती फूट, तो हा आकडा. ६६०, ६५०, ६४० हे पाणीकपातीचे उंबरठे. पातळी उंबरठ्याखाली उतरली की अंगणातल्या हिरवळीला पाणी कोणत्या वारी घालायचं ते घराच्या नंबरावरून ठरतं. आमच्या नंबराचा शेवटचा आकडा ६, म्हणून आमचा गुरुवार.

२०२२च्या उन्हाळ्यात आई लातूरहून आली होती. जे-१७ तिला समजावून सांगावी लागली नाही. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा ती लातुरातच होती, आणि मांजरा धरणात किती टक्के उरलं हे तिने वर्षानुवर्षं पेपरात रोज वाचलेलं. ‘गुरुवारीच का, दत्ताचा वार म्हणून?’ एवढंच तिने विचारलं.

तिला एका रविवारी नॅचरल ब्रिज कॅव्हर्न्स दाखवायला नेलं. शहराच्या उत्तरेला चुनखडीतल्या गुहा आहेत. बाहेर चाळीस अंश, आत बारमाही एकवीस. भिंतींना हात लावू नका, हाताच्या तेलाने दगडाची वाढ थांबते, असं गाइड बजावत होती. मध्येच आईच्या कपाळावर टपकन थेंब पडला. तिने पदराने तो पुसला, मान वर केली आणि मला म्हणाली, ‘वरती काय आहे रे?’ वरती ओकची झाडं, तिकीटघर आणि आम्ही गाडी लावलेली जागा होती.

या शहराच्या पन्नास वर्षांच्या भांडणाचा तोच प्रश्न आहे. वरती काय असावं? त्या गुहांपासून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर, त्याच जातीच्या खडकावर, आज १,००२ खोल्यांचं हॉटेल आणि ३६ होलचं गोल्फ आहे. ते तिथे का नको होतं, आणि मुख्य म्हणजे लोकांच्या कराच्या पैशाने का नकोच होतं, हे मला मांडायचं आहे. हॉटेल उभं राहून पंधरा वर्षं झाली, आता का उकरून काढतोस, असं इथले मित्र म्हणतात. त्याचं कारण शेवटी येईल.

आधी खडक. लातूरचा आपला काळा पाषाण पाणी धरतो तो भेगांमध्ये आणि मुरमाच्या थरात. पाचशे फूट बोअर मारावी आणि धूळ निघावी, हे आपण पाहिलेलं आहे. इथला एडवर्ड्स जलधर, म्हणजे शहर ज्यातलं पाणी पितं आणि जे-१७ ज्याची पातळी दाखवते तो जमिनीखालचा पाणी धरणारा खडक, चुनखडीचा. लाखो वर्षं पाण्याने विरघळून दगडाची चाळण झालेली. कुठे बोट जाईल एवढं भोक, कुठे माणूस उभा राहील एवढी पोकळी. १९९१ मध्ये एका मासेपालकाने या जलधरात विहीर घेतली, तेव्हा पंपाशिवाय मिनिटाला सुमारे ४०,००० गॅलन पाणी उसळून वर आलं. कायद्याने ते त्याचंच होतं, कारण जमीन ज्याची त्याचं तळाचं पाणी, असा टेक्सासचा जुना नियम. हसू नका. आपला १८८२चा सुखाधिकार कायदा काही फार वेगळं सांगत नाही.

या जलधराचं सगळं बळ आणि सगळी कमजोरी एकाच गोष्टीत आहे. उत्तरेच्या डोंगराळ पट्ट्यात चुनखडी उघडी पडलेली आहे. तिथे पडलेला पाऊस फटींतून, खड्ड्यांतून, ओढ्यांच्या तळातून थेट खाली जातो. हा पुनर्भरणाचा पट्टा. शहराच्या बाजूला हाच खडक मातीच्या आणि इतर खडकांच्या जाड थराखाली दडलेला आहे, तिथे वरून काही सांडलं तरी सहजी खाली पोचत नाही. पण उत्तरेला गाळणी नाही. आपल्याकडे विहिरीचं पाणी मुरमातून गाळून येतं तसं इथे होत नाही. वरती जे पडेल ते काही दिवसांत, कधी काही तासांत, खालच्या वाहत्या पाण्यात मिसळतं. म्हणून डांबर, छप्पर, गटार, खत, तणनाशक यांपैकी प्रत्येक गोष्टीला त्या पट्ट्यात वेगळा अर्थ आहे. छपराने आणि डांबराने पाणी मुरायचं थांबतं, आणि जे मुरतं ते त्यांच्यावरून वाहून आलेलं असतं.

१९५६च्या दुष्काळात जे-१७ ६१२ फुटांपर्यंत उतरली आणि ईशान्येला न्यू ब्राउनफेल्सचे कोमल झरे चार महिन्यांहून जास्त काळ आटले. शहराला तेव्हा कळलं की आपल्या खाली समुद्र नाही.

आता कायदा. मला हे सगळं प्रकरण ज्या एका कलमाशी येऊन थांबल्यासारखं वाटतं, ते कलम सॅन अँटोनियोच्याच खासदाराने लिहिलेलं आहे. हेन्री बी. गोन्झालेस. १९७४च्या केंद्रीय पेयजल कायद्यात त्यांनी एक दुरुस्ती घालून घेतली : एखाद्या वस्तीला पिण्याच्या पाण्याचा एकच जलधर असेल, तर त्याला तसं जाहीर करावं, आणि तसं जाहीर झाल्यावर ज्या प्रकल्पाने तो दूषित होण्याचा धोका असेल त्या प्रकल्पाला केंद्र सरकारचा पैसा देऊ नये. १९७५ मध्ये देशातला पहिला असा जलधर जाहीर झाला तो एडवर्ड्स.

हे कलम नीट पाहा. ते बांधायला बंदी करत नाही. मालकाला स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या पैशाने काय करायचं ते करू दे म्हणतं. फक्त एवढंच म्हणतं की ज्यांच्या पिण्याच्या पाण्याला धोका, त्यांच्याच खिशातून त्या धोक्याचा खर्च काढू नका. गोन्झालेस यांना टेक्सास ठाऊक होतं. जमिनीच्या हक्काला हात लावला तर दुसऱ्या दिवशी कायदा बुडेल, म्हणून त्यांनी हात लावला तो तिजोरीला. फट राहिली ती एकच. कलम केंद्राच्या पैशाला लागू, शहराच्या आणि राज्याच्या पैशाला नाही.

त्या फटीतून गोल्फ आला.

त्याआधीचा एक प्रसंग थोडक्यात. याच पट्ट्यावर प्रचंड मॉल बांधायचा घाट घातला गेला तेव्हा १९७६च्या जानेवारीत लोकांनी सार्वमत घ्यायला लावलं आणि चारास एक अशा मतांनी तो नाकारला. ते जिंकवणाऱ्यांमध्ये पश्चिम आणि दक्षिण भागातल्या चर्चमधून उभी राहिलेली कॉप्स ही संघटना होती, म्हणजे पावसाळ्यात ज्यांच्या गल्ल्या तुंबायच्या ते मेक्सिकन-अमेरिकन कष्टकरी लोक. पाण्याची काळजी हा खाऊनपिऊन सुखी लोकांचा छंद आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. पुढे कोर्टात ते सार्वमत टिकलं नाही, ही गोष्ट वेगळी.

मे २००० मध्ये शहराने आणखी एक गोष्ट केली, आणि ती मला आजही थोर वाटते. विक्रीकरात डॉलरमागे एक अष्टमांश सेंट जास्त द्यायला लोकांनी मतदानाने होकार दिला. त्यातले साडेचार कोटी डॉलर पुनर्भरण पट्ट्यातली जमीन मोकळी ठेवण्यासाठी. शहर त्या पट्ट्यात जमीन विकत घ्यायचं किंवा तिच्यावरचा बांधकामाचा हक्क विकत घ्यायचं. न बांधण्याचे पैसे! दर वेळी पावतीवर तो चिल्लर कर बघून मला बरं वाटायचं.

आणि दोनच वर्षांनी, २००२ मध्ये, सिटी कौन्सिलने त्याच पट्ट्यातल्या अडीच-तीन हजार एकरांवर गोल्फचं गाव वसवण्यासाठी एका लाकूड-कागद कंपनीच्या बांधकाम शाखेला खास करक्षेत्र मंजूर केलं. म्हणजे तिथे जमा होणारा कर सार्वजनिक तिजोरीत न येता त्याच जागेच्या विकासाला. एका खिशातून पट्टा मोकळा ठेवायचे पैसे द्यायचे आणि दुसऱ्या खिशातून तो भरायचे.

त्या उन्हाळ्यात किराणा दुकानाच्या दारात एक म्हातारी मेक्सिकन बाई उन्हाची छत्री आणि सह्यांची पाटी घेऊन उभी असायची. मला तिने थांबवलं. मी सांगितलं, व्हिसावर आहे, मतदार नाही, माझी सही चालणार नाही. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि विचारलं, पाणी पितोस ना? मग पाटी माझ्या हातात देऊन ती सावलीत जाऊन बसली. पाऊण तास मी लोकांच्या सह्या घेत उभा होतो. बायको आइस्क्रीम वितळलं म्हणून चिडली होती, ते वेगळं.

अशा एक लाखाहून जास्त सह्या जमल्या. सार्वमत घ्यावं लागणार हे दिसल्यावर कौन्सिलने खास करक्षेत्र मागे घेतलं. लोकांना वाटलं जिंकलो. पण प्रस्तावाने फक्त कपडे बदलले. जानेवारी २००५ मध्ये मंजूर झालेल्या करारात शहराने कबूल केलं की २९ वर्षं आम्ही ही जागा हद्दीत घेणार नाही. पुण्याच्या आसपास राहणाऱ्या कुणालाही हद्दवाढ म्हणजे काय ते सांगायला नको. गाव महापालिकेत गेलं की मालमत्ता कर चढतो आणि नियम लागतात. इथे शहराने आपणहून सांगितलं, आम्ही २०३४ पर्यंत तुमच्या दारात येत नाही. त्या मोकळ्या जागेत सिबोलो कॅनियन्स नावाचं खास सुधारणा क्षेत्र उभं राहिलं. पाहुण्यांकडून वसूल होणारा कर, म्हणजे खोलीभाड्याचे ९ टक्के आणि रिसॉर्टमधल्या इतर विक्रीचा दीड टक्का, त्या क्षेत्राकडे आणि तिथून विकासकाकडे, २०३४ पर्यंत. २०१४ मध्ये या भावी कराच्या जोरावर क्षेत्राने ४ कोटी ८९ लाख डॉलरचे रोखे काढले आणि त्यातली बरीच मोठी रक्कम विकासकाच्या हाती पडली.

आणि त्याच २००५च्या मे महिन्यात लोकांनी पुन्हा मतदान करून तो अष्टमांश सेंट चालू ठेवला. या वेळी जमिनीसाठी ९ कोटी डॉलर. जानेवारीत कौन्सिलने जे केलं त्याच्या बरोबर उलट, चार महिन्यांनी, त्याच शहरातल्या माणसांनी.

समर्थकांचं म्हणणं मी हलकं करणार नाही. त्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा असा होता : टेक्सासच्या कायद्याने या मालकाला जुन्या नियमांप्रमाणे हजारो घरं बांधायचा हक्क आहेच. तुम्ही त्याला रोखू शकत नाही. त्यापेक्षा गोल्फ बरा. करार केला तर निदान खतांवर, कीटकनाशकांवर अटी घालता येतील, पाण्याची तपासणी करता येईल. आणि खरं सांगायचं तर मैदानं बेफिकिरीने बांधलेली नाहीत. वाहून जाणारं पाणी गोळा करून पुन्हा तिथेच फिरवायची सोय आहे. शहराचं पाणी आजही चांगलं आहे. मी नळाचंच पितो. गोल्फमुळे विहिरी विषारी झाल्या, अशी आरोळी ज्यांनी तेव्हा ठोकली त्यांनी आपल्याच बाजूचं नुकसान केलं, कारण विष निघालं नाही म्हणताच लोकांना वाटलं, विरोधच फुकाचा होता.

पण ‘नाहीतर हजारो घरं बांधू’ हा युक्तिवाद आहे की धमकी? आणि धमकीला पैसे द्यायचे ठरवलं, तर निदान धमकी मागे घेतली जावी. इथे गोल्फ आला, हॉटेल आलं आणि शेजारी घरंही आली. रस्ते आले, ड्रेनेज आलं, शाळा, दुकानं आली. रिसॉर्टचं खरं काम हिरवळीवर चालत नाही. ते त्या भागाला नकाशावर आणतं. पाइप एकदा तिथपर्यंत पोचला की पुढचा प्रत्येक प्लॉट स्वस्त पडतो. म्हणून मी गोल्फच्या खताचा हिशेब मांडत बसत नाही. मैदानाची राखण करणारा माणूस बहुधा माझ्या गल्लीतल्या लोकांपेक्षा मोजूनमापून खत टाकत असेल. मोजायचं ते पुढे आलेलं डांबर.

दुसरा मुद्दा : हॉटेलच नसतं तर हा कर आलाच नसता, मग शहराचं गेलं काय? हे ऐकायला बिनतोड वाटतं. पण शहरात मधोमध हॉटेल चालवणारा तोच कर भरतो आणि तो सगळ्यांच्या कामी येतो. डोंगरावरच्या हॉटेलात पाहुणा गेला म्हणजे तो चंद्रावरून उतरला असं नाही. तो नदीकाठच्या हॉटेलात राहिला असता. टेक्सास ओपन ही गोल्फची स्पर्धा १९२२ पासून याच शहरात होते. ती २०१० मध्ये त्या डोंगरावर गेली. ती शहरात आणली असं म्हणायला ती बाहेर कधी होती?

(त्या मैदानाबद्दल एक गंमत सांगायची राहिली. २०११च्या स्पर्धेत केविन ना या चांगल्या खेळाडूचा चेंडू नवव्या होलला झाडीत गेला आणि चार फटक्यांच्या होलला त्याला सोळा लागले. टीव्हीवर पाहताना मला आमचं कौन्सिल आठवलं.)

मी करसवलतीच्याच विरोधात आहे असं कुणी समजू नये. त्याच वर्षांत, त्याच शहराने टोयोटाला सवलती देऊन आणलं. २००३ मध्ये घोषणा, २००६ मध्ये पहिला ट्रक. तो कारखाना दक्षिणेला आहे, पुनर्भरण पट्ट्यापासून लांब, आणि ज्या भागाला कारखान्याची चाळीस वर्षं आस होती त्या भागात. सवलत म्हणजे बोट धरून नेणं. ज्या मालकाला कुठेही चालेल त्याला सरकार म्हणतं, इकडे ये, इकडे आम्ही भार उचलतो. मग ‘इकडे’ म्हणजे कुठे, हे ठरवायचा हक्क पैसे देणाऱ्याचा. टोयोटाचं बोट धरून दक्षिणेला नेता येतं हे ज्यांनी दाखवून दिलं, त्यांनीच गोल्फला उत्तरेच्या उघड्या चुनखडीवर नेऊन बसवलं. गवत दक्षिणेलाही उगवतं.

आपल्याकडे हाच खेळ वेगळ्या पत्त्यांनी झालेला आहे. मोसे नदीवरचं वरसगाव धरण पुण्याला पाणी देणाऱ्या साखळीतलं. त्याच्या पाणलोटात लवासा उभं राहिलं ते १९९६च्या गिरिस्थान नियमांच्या आधाराने, आणि २००८ मध्ये तर तिथली नगररचना बघायचा अधिकार सरकारने खुद्द कंपनीकडे सोपवला. सॅन अँटोनियोने हद्द सोडली, मुळशीत सरकारने शिक्काच सोडला. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवायची नोटीस काढली, २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, आणि डोंगर जसा कापला तसा राहिला. आज कोकणात, साताऱ्यात, गोव्याच्या सड्यांवर पर्यटन प्रकल्पाची बातमी येते तेव्हा पेपर गुंतवणुकीचा आणि रोजगाराचा आकडा छापतो. मुद्रांक शुल्क किती माफ, वीज शुल्क किती माफ, हे तिसऱ्या परिच्छेदात. आणि त्या सड्याखालून खालच्या वाडीला कोणता झरा येतो, हे कुठेच नाही. २०१६ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळ असताना मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलवायला लावले, तेव्हा ‘खेळपट्टीला लागतं ते किती पाणी!’ म्हणून टिंगल झाली. आईने केली नाही. ती त्या महिन्यात टँकरच्या रांगेत होती.

पुढे काय झालं तेही सांगितलं पाहिजे. न बांधण्याचे पैसे देणारा अष्टमांश सेंट २०१० आणि २०१५ मध्ये पुन्हा मंजूर झाला आणि दीड लाख एकरांहून जास्त जमीन त्यातून राखली गेली. २०२० मध्ये, कोविडच्या वर्षी, तो कर बससेवेकडे आणि बेरोजगारांच्या प्रशिक्षणाकडे वळवायचा प्रस्ताव आला आणि मंजूर झाला. मी तोवर नागरिक झालो होतो. मतदान यंत्रासमोर खूप वेळ उभा राहिलो. माझ्या ऑफिसची सफाई करणारी बाई दोन बस बदलून येते. तरीही मी विरोधात मत दिलं, आणि ते बरोबर होतं की नाही याची मला अजून खात्री नाही. त्याच वर्षी १४२ मैलांवरच्या दुसऱ्या जलधरातून पाइपने पाणी शहरात यायला लागलं. महाग आहे. बिलात दिसतं. आईला मी ते सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘म्हणजे मिरजेहून.’

आता ते कारण. हद्दीत न घेण्याचा करार २०३४ मध्ये संपतो. २००५ मध्ये आम्हाला सांगितलं गेलं होतं की २९ वर्षांनी हे सगळं शहराचंच होणार आहे. पण २०१९ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने कायदा करून रहिवाशांच्या संमतीशिवाय हद्दवाढ करणं शहरांना जवळजवळ अशक्य करून ठेवलं, त्यामुळे तो रस्ता पूर्वीइतका मोकळा नाही. पुढची सवलत मागायला कुणीतरी येणारच. कधी मुदतवाढ म्हणून, कधी नव्या नावाने, बहुधा पुन्हा एखाद्या जानेवारीत. तेव्हा कौन्सिलने गोन्झालेस यांचं कलम शहराच्या नियमात जसंच्या तसं उतरवावं, फक्त ‘केंद्र सरकारचा पैसा’ या शब्दांच्या जागी ‘शहराचा पैसा’ लिहून : सोडलेला कर, सोडलेली हद्द, रोखे, सगळं त्यात धरून. पट्ट्यावर ज्याला बांधायचं त्याने स्वतःच्या पैशाने बांधावं आणि सगळे नियम पाळावेत.

ते झालं नाही तर पुन्हा किराणा दुकानाच्या दारात पाट्या निघतील. या वेळी माझी सही चालते.